शिकारविषयक विद्युत-यांत्रिक पिनबॉल यंत्रे

शिकारविषयक विद्युत-यांत्रिक पिनबॉल यंत्रे हा नाणे टाकून खेळावयाच्या पिनबॉल यंत्रांचा एक जुना प्रकार आहे. उतरत्या पटावरून घरंगळणारी पोलादी गोळी दोन्ही हातांकडील कळांच्या साहाय्याने शक्य तितका वेळ खेळती ठेवणे व पटावरील ठरावीक जागांना ती लावून गुण मिळविणे, असे या खेळाचे स्वरूप असते. जंगल, वन्यप्राणी, बंदूक, धनुष्यबाण यांची चित्रे ज्या यंत्रांवर रंगविलेली असत आणि ज्यांतील लक्ष्यांना शिकारीचा अर्थ दिलेला असे, त्या यंत्रांचा विचार या लेखात केला आहे. 'विद्युत-यांत्रिक' या विशेषणाचा अर्थ असा, की या यंत्रांत संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक परिपथ नसतो. गुणांची बेरीज, खेळाडूंच्या पाळ्या, उरलेल्या गोळ्यांची मोजदाद ही सर्व कामे विद्युतचुंबक, पट्टीच्या कळा, दातेरी चक्रे आणि एक लहान मोटर यांच्याकडून होतात. साधारणपणे १९३३ ते १९७० च्या दशकाची अखेर हा या यंत्रांचा काळ मानला जातो. त्यांच्या निर्मितीचे मुख्य केंद्र अमेरिकेतील शिकागो हे शहर व त्याचा परिसर होते.

महाराष्ट्रात या यंत्रांचा प्रसार झाला नाही. तरीही त्यांची रचना शालेय विज्ञानातील नालकुंतल, विद्युतचुंबक व विद्युत घंटा या पाठांशी थेट जोडलेली असल्यामुळे विद्यार्थ्यांना ती उद्बोधक ठरते. तसेच ज्या वर्षांत अमेरिकेत जंगल या विषयावरील यंत्रे बाजारात आली, त्याच वर्षांत भारतात वन्यप्राण्यांच्या शिकारीवर कायद्याने बंधने आली. त्यामुळे खेळातील शिकार व प्रत्यक्षातील शिकार यांची तुलनाही येथे करता येते.

इतिहास

पिनबॉलचे मूळ 'बॅगाटेल' या युरोपीय खेळात आहे. बिलियर्डचे टेबल लहान करून त्यावर खिळे व छिद्रे बसविण्याची पद्धत अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झाली. पॅरिसजवळील बॅगाटेल या प्रासादावरून खेळाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. १८७१ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बॅगाटेलमधील सुधारणांचे एकस्व घेतले. बिलियर्डच्या काठीच्या जागी त्यांनी स्प्रिंगचा दट्ट्या बसविला. खेळाडू तो मागे ओढून सोडतो व गोळी पटावर जाते. पिनबॉलमध्ये हा दट्ट्या आजही आढळतो.

१९३१ मध्ये डेव्हिड गॉटलीब यांच्या शिकागोमधील कंपनीने 'बॅफल बॉल' हे टेबलावर ठेवावयाचे यंत्र विक्रीस आणले. जागतिक मंदीच्या त्या काळात अल्प मोलाच्या नाण्यात मिळणारी ही करमणूक अतिशय लोकप्रिय झाली. त्याच सुमारास रेमंड मोलोनी यांनी 'बॅलीहू' हे यंत्र काढले व त्यावरून त्यांच्या कंपनीला 'बॅली' हे नाव मिळाले. ही आरंभीची यंत्रे निव्वळ यांत्रिक होती. त्यांत वीज नव्हती, दिवे नव्हते. गोळी कोणत्या छिद्रात पडली हे पाहून खेळाडूलाच गुण मोजावे लागत.

१९३३ मध्ये हॅरी विल्यम्स यांनी आखलेल्या 'काँटॅक्ट' या यंत्रात विजेचा वापर झाला. बॅटरीवर चालणारा विद्युतचुंबक खळग्यात अडकलेली गोळी पुन्हा पटावर उडवीत असे व त्याच वेळी घंटा वाजत असे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात गोळीचा स्पर्श होताच गुण नोंदविणारे बंपर आले. १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी सहा फ्लिपर बसविले. फ्लिपर म्हणजे बाजूची कळ दाबताच झटक्याने उचलली जाणारी लहान दांडी. तोपर्यंत गोळी सोडल्यानंतर तिच्यावर खेळाडूचा फारसा ताबा उरत नसे. फ्लिपरमुळे तो ताबा मिळाला आणि हा खेळ दैवाकडून कौशल्याकडे झुकला. पटाच्या तळाशी समोरासमोर दोनच फ्लिपर ठेवण्याची रचना पुढील वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल अ‍ॅक्शन' या यंत्रात वापरली. पुढे तीच सर्वमान्य झाली. १९५० च्या दशकात काचेवरील दिव्यांऐवजी फिरत्या अंकचक्रांवर गुण दिसू लागले व एका यंत्रावर एकाहून अधिक खेळाडूंना पाळीपाळीने खेळता येऊ लागले.

रचना

विद्युत-यांत्रिक यंत्राचे मुख्य भाग तीन असतात.

पट: लाकडी फळीवर रंगीत चित्रे छापून त्यावर बंपर, लक्ष्ये, रबरी कडी, दिवे व फ्लिपर बसविलेले असतात. वर जाड काच असते. पटाला खेळाडूच्या दिशेने काही अंशांचा उतार दिलेला असतो. उतार जितका अधिक तितकी गोळी वेगाने खाली येते. गोळी पोलादी असून तिचा व्यास सुमारे २७ मिलिमीटर व वजन सुमारे ८० ग्रॅम असते.

पेटी: पटाखालची लाकडी पेटी चार पायांवर उभी असते. तिच्या तळाच्या फळीवर रोहित्र, स्कोअर मोटर व रिलेंच्या रांगा असतात. रोहित्र घरगुती विजेचे विभवांतर कमी करून विद्युतचुंबकांना साधारण २४ ते ५० व्होल्ट व दिव्यांना सुमारे ६ व्होल्ट पुरविते.

मस्तकपेटी: पटाच्या मागे उभ्या असलेल्या या पेटीत अंकचक्रे असतात. तिच्या दर्शनी काचेवर पाठीमागून छापलेले मोठे चित्र असते व आतील दिव्यांनी ते उजळते. यंत्राचा विषय येणाऱ्याजाणाऱ्याला प्रथम या काचेवरून कळतो.

कार्यपद्धती

नालकुंतल आणि फ्लिपर

तारेच्या वेटोळ्यातून विद्युतधारा वाहू लागली की त्यात चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व मृदू लोखंडाचा दांडा आत ओढला जातो. पिनबॉलमधील जवळजवळ प्रत्येक हालचाल या एका तत्त्वावर होते. गोळी बंपरच्या तळाशी असलेल्या चकतीला टेकली की खालची कळ जोडली जाते, नालकुंतल दांडा ओढते, दांड्याला जोडलेले कडे झटक्याने खाली येते व गोळीला बाहेर फेकते.

फ्लिपरच्या नालकुंतलात दोन वेटोळी असतात. जाड तारेचे कमी रोधाचे वेटोळे दांडी उचलण्यासाठी मोठी धारा घेते. दांडी पूर्ण उचलली जाताच टोकाशी असलेली एक कळ उघडते आणि बारीक तारेचे अधिक रोधाचे वेटोळे परिपथात येते. त्यामुळे धारा कमी होऊन दांडी केवळ उचललेली राहते. ही कळ उघडली नाही, तर खेळाडूने फ्लिपर दाबून धरताच मोठी धारा वाहत राहते आणि वेटोळे तापून जळते. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत हा दोष नेहमी तपासावा लागतो.

रिले: यंत्राची स्मृती

रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारी कळ. तिच्यावर पातळ धातुपट्ट्यांच्या अनेक जोड्या एकावर एक रचलेल्या असतात. चुंबक कार्यान्वित झाला की काही जोड्या जुळतात व काही सुटतात. रिलेच्या जुळलेल्या जोडीतूनच तिच्या स्वतःच्या चुंबकाला धारा मिळेल अशी जोडणी केली, तर पहिला स्पर्श संपल्यावरही रिले ओढलेलीच राहते. गोळी लक्ष्याला लागून क्षणात दूर गेली, तरी 'हे लक्ष्य लागले' ही नोंद त्यामुळे टिकते. नवीन खेळ सुरू होताना परिपथ एकदा खंडित केला की सर्व नोंदी पुसल्या जातात. दोन अवस्थांपैकी एक अवस्था धरून ठेवणे हे संगणकीय स्मृतीचेही मूलतत्त्व आहे. पिनबॉलमध्ये ते उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

अंकचक्रे आणि 'हातचा'

एकक, दशक, शतक अशा प्रत्येक स्थानासाठी ० ते ९ अंकांचे एक चक्र असते. विजेचा एक ठोका मिळाला की चक्र एक घर पुढे सरकते. चक्र ९ वर असताना त्याच्याशी जोडलेली एक कळ मिटलेली असते. त्या स्थितीत पुढचा ठोका आला, तर तो या कळीतून डावीकडील चक्रालाही मिळतो. परिणामी पहिले चक्र ० वर येते व दुसरे एकाने वाढते. प्राथमिक शाळेत बेरीज करताना आपण 'हातचा एक' घेतो, तीच क्रिया येथे धातूच्या दोन पट्ट्या करतात.

स्कोअर मोटर

एका स्पर्शाला १० गुण द्यावयाचे असतील तर एक ठोका पुरतो. मात्र ५० गुणांसाठी दशकाच्या चक्राला पाच ठोके द्यावे लागतात. हे काम स्कोअर मोटर करते. तिच्या आसावर खाचा व उंचवटे असलेल्या चकत्या बसविलेल्या असतात. मोटर फिरताना हे उंचवटे कळांना ठरावीक क्रमाने दाबतात व पाच ठोके मोजून दिले जातात. खेळाच्या आरंभी सर्व चक्रे शून्यावर आणताना जो खडखडाट ऐकू येतो, तो याच मोटरचा व चक्रांचा असतो. प्रत्येक चक्र शून्यावर पोचताच त्याची कळ उघडते व त्याला मिळणारे ठोके थांबतात.

स्टेपर

कितवी गोळी चालू आहे, कोणत्या खेळाडूची पाळी आहे, किती विनामूल्य खेळ शिल्लक आहेत, यांची मोजदाद स्टेपर नावाचे दातेरी चक्र ठेवते. प्रत्येक ठोक्यासरशी ते एक दाता पुढे सरकते व त्यावरील स्पर्शिका वेगवेगळ्या तारांना जोडली जाते. चार खेळाडूंच्या यंत्रात गुणांचे ठोके कोणाच्या अंकचक्रांकडे पाठवावयाचे, हे अशाच एका स्टेपरवरून ठरते.

टिल्ट

यंत्र थोडेसे हलवून गोळीची दिशा बदलणे हा खेळाचा मान्य भाग आहे. परंतु ते जोराने हलवू नये म्हणून पेटीत गवंड्याच्या ओळंब्यासारखे एक वजन कड्याच्या मध्यभागी टांगलेले असते. यंत्र अधिक हलले की वजन कड्याला टेकते, परिपथ पूर्ण होतो व 'टिल्ट' हा दिवा लागतो. फ्लिपर निकामी होतात व चालू गोळी बाद होते. यंत्र पुढून उचलले गेल्यास उतारावर बसविलेली दुसरी लहान गोळी घरंगळून तोच परिणाम घडविते.

शिकार हा विषय

खेळाचे नियम बहुतेक यंत्रांत सारखेच असल्यामुळे यंत्राला वेगळेपण देण्याचे काम चित्रकाराकडे असे. पत्ते, घोड्यांच्या शर्यती, जहाजे, सर्कस यांबरोबर जंगल व शिकार हेही नेहमीचे विषय होते. शिकारीत नेम धरणे, लक्ष्य टिपणे व किती टिपले ते मोजणे या तिन्ही क्रिया येतात. पिनबॉलमध्येही त्याच क्रिया असल्याने हा विषय खेळाला सहज जुळला.

नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत शिकारीचा विषय पिनबॉलच्या आधी नेमबाजीच्या यंत्रांत रुजला होता. १९३६ मध्ये शिकागोच्या सीबर्ग कंपनीने 'रे-ओ-लाइट' हे यंत्र आणले. त्यात बंदुकीतून प्रकाशाचा झोत निघे. सरकत्या बदकावर प्रकाशविद्युत घट बसविलेला असे. झोत त्यावर पडताच बदक पडल्याची नोंद होई. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच कंपनीने अस्वलाची शिकार हा विषय घेतला. झोत लागताच ते अस्वल दोन पायांवर उभे राहून वळत असे.

पिनबॉलमध्ये या विषयाचे एक चांगले उदाहरण म्हणजे गॉटलीब कंपनीने १९७२ व १९७३ मध्ये काढलेली जंगल या विषयावरील चार यंत्रे. 'जंगल' हे चार खेळाडूंचे, 'वाइल्ड लाइफ' हे दोन खेळाडूंचे, तर 'जंगल लाइफ' व 'जंगल किंग' ही एका खेळाडूची होती. त्यांची आखणी एड क्रिन्स्की यांची व चित्रे गॉर्डन मॉरिसन यांची होती. मुळात एकच आखणी चार रूपांत विकण्यामागे व्यापाराइतकाच कायद्याचाही हेतू होता. काही राज्यांत विनामूल्य खेळाचे बक्षीस हे जुगाराचे लक्षण मानले जाई. तेथे बक्षीस म्हणून खेळाऐवजी जादा गोळी देणारी यंत्रे पाठविली जात. 'जंगल लाइफ' हे या प्रकारातील होते. जादा गोळीची ही पद्धत गॉटलीब कंपनीने १९६० मध्ये 'फ्लिपर' या यंत्रापासून सुरू केली होती.

१९७५ मध्ये बॅली कंपनीचे 'बो अँड अ‍ॅरो' हे धनुष्यबाणाच्या विषयावरील यंत्र आले. याच नावाच्या यंत्राची सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारी प्रायोगिक आवृत्तीही कंपनीने तयार केली होती. १९८० मध्ये स्टर्न कंपनीने 'बिग गेम' हे सफारीचे यंत्र काढले, तेव्हा रिलेंचा काळ संपला होता. ते यंत्र पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक होते.

तांत्रिक दृष्टीने पाहिल्यास या यंत्रांतील प्राणी म्हणजे एक दिवा, एक कळ व एक रिले यांचा संच होय. लक्ष्य लागले की रिले ओढली जाते, दिव्याची स्थिती बदलते व अंकचक्र फिरते. पुढचे नाणे पडताच रिले सुटते व प्राणी पुन्हा जागेवर येतो.

कायदा: दैव की कौशल्य

पिनबॉल हा जुगार आहे की खेळ, हा वाद अमेरिकेत चार दशके चालला. आरंभीच्या काही यंत्रांतून जिंकलेल्याला पैसे मिळत असल्यामुळे संशयाला आधार होता. जानेवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांच्या कारकिर्दीत शहरात पिनबॉलवर बंदी आली. हजारो यंत्रे जप्त झाली व अनेक घणाने फोडण्यात आली. लॉस एंजेलिस व शिकागो या शहरांतही बंदी होती. म्हणजे ज्या शहरात ही यंत्रे तयार होत, तेथेच ती खेळता येत नसत. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसची बंदी रद्द केली. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेपुढे रॉजर शार्प यांनी प्रत्यक्ष खेळून दाखविले. दट्ट्या किती ओढला तर गोळी कोणत्या मार्गाने जाईल, हे त्यांनी आधी सांगितले व गोळी त्याप्रमाणे गेली. त्यानंतर ती बंदी उठविण्यात आली.

भारतातील कायद्यातही हाच भेद महत्त्वाचा आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट देणारे कलम आहे. मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नाही. मात्र ज्या स्पर्धांतील यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, त्या जुगारात मोडत नाहीत. हा खटला शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांविषयी होता. पण त्यातील कसोटी पुढे इतर खेळांनाही लावली गेली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

पिनबॉलचा पूर्वज असलेला बॅगाटेल महाराष्ट्रातील घरांना खेळण्याच्या रूपात परिचित आहे. लाकडी किंवा प्लास्टिकच्या फळीवर खिळ्यांची कुंपणे, मधल्या खळग्यांवर लिहिलेले गुण, उजव्या बाजूला स्प्रिंगचा दट्ट्या आणि लहान गोळ्या असे त्याचे स्वरूप असते. विद्युत-यांत्रिक यंत्रातील नेमबाजीशी जवळचा असा जत्रेतील खेळ म्हणजे हवेच्या बंदुकीने फुगे फोडणे. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईतही अशा खेळांची दुकाने लागतात. पिनबॉल या नावाची ओळख मात्र अनेकांना २००० नंतरच्या दशकात संगणकावर झाली. विंडोज एक्सपी या प्रणालीबरोबर अंतराळ या विषयावरील पिनबॉलचा एक खेळ येत असे.

यंत्रांतील शिकार व प्रत्यक्ष शिकार यांतील अंतर समजण्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी परिसराचे उदाहरण उपयोगी आहे. सडक अर्जुनी हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. जिल्ह्यातीलच अर्जुनी मोरगाव या दुसऱ्या तालुक्यापासून ते 'सडक' या शब्दाने वेगळे ओळखले जाते. नागझिरा व नवेगाव ही दोन वने या भागात असून महामार्ग त्यांच्या मधून जातो. वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ हे येथील प्रमुख प्राणी होत, तर नवेगावबांधचा तलाव पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. सफारीच्या यंत्रांवर जे प्राणी रंगविले जात, त्यांतील काही येथे प्रत्यक्ष वावरतात.

ब्रिटिश काळात मध्य प्रांतातील वनांत शिकारीसाठी परवाने देण्याची पद्धत होती. स्वातंत्र्यानंतरही देशात परवान्याने शिकार चालू राहिली व परदेशी शिकाऱ्यांसाठी व्यावसायिक सहलीही आयोजित होत. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. त्याच वर्षी नागझिरा अभयारण्य घोषित झाले. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला व १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातील मेळघाट होते. शिकागोजवळच्या कारखान्यातून 'जंगल' व 'जंगल किंग' ही यंत्रे बाहेर पडली, ती याच दोन वर्षांत. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचा उरलेला मार्गही बंद झाला. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा राज्यातील पाचवा व्याघ्र प्रकल्प घोषित करण्यात आला.

बंदीनंतरही चोरटी शिकार पूर्णपणे थांबलेली नाही. विजेच्या वाहिनीवर आकडा टाकून शेताच्या किंवा जंगलाच्या कडेला उघडी तार पसरणे, हा विदर्भात आढळणारा तिचा एक घातक प्रकार आहे. रानडुक्कर किंवा चितळासाठी लावलेल्या अशा तारेने वाघ, बिबट व कधी माणसेही दगावतात. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. पिनबॉल यंत्रात रोहित्राने उतरविलेली, काचेआड ठेवलेली वीज दिवा पेटवून प्राणी 'टिपला' असे दाखविते. उघड्या तारेतील वीज निवड करीत नाही व तिने मारलेला प्राणी पुन्हा जागेवर येत नाही.

ऱ्हास व जतन

१९७० च्या दशकाच्या मध्यास सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाले. १९७५ मध्ये मिर्को कंपनीने 'स्पिरिट ऑफ '७६' हे सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारे पिनबॉल यंत्र विक्रीस आणले. १९७७ पासून मोठ्या कंपन्याही या तंत्राकडे वळल्या. शेकडो रिले-पट्ट्यांची जागा एका परिपथ-फलकाने घेतली, अंकचक्रांऐवजी प्रकाशित अंक आले व घंट्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक ध्वनी आले. लवकरच व्हिडिओ खेळांशी स्पर्धा सुरू झाली आणि विद्युत-यांत्रिक यंत्रांचे उत्पादन थांबले.

आज ही यंत्रे संग्राहकांकडे व काही संग्रहालयांत आढळतात. कॅलिफोर्नियातील अ‍ॅलमेडा येथील पॅसिफिक पिनबॉल संग्रहालय, लास वेगास येथील पिनबॉल हॉल ऑफ फेम व बुडापेस्ट येथील पिनबॉल संग्रहालय ही त्यांतील काही ठिकाणे. तेथे यंत्रे केवळ पाहावयास नव्हे, तर खेळावयासही मिळतात.

जतनाच्या कामात पुढील गोष्टी प्रामुख्याने येतात: पट्ट्यांच्या टोकांवरील काजळी साफ करणे, त्यांतील अंतर नीट करणे, घट्ट झालेले वंगण काढणे, झिजलेली रबरी कडी बदलणे व दर्शनी काचेवरील रंग पोपडे धरण्यापासून वाचविणे. काचेचा रंग एकदा सुटला की मूळ चित्र परत मिळत नाही. म्हणून ती काच उष्णता व दमटपणापासून जपावी लागते. दोष शोधताना परिपथाचा आराखडा वाचता येणे आवश्यक असते. अमेरिकेसाठी तयार झालेली यंत्रे सुमारे ११५ व्होल्टवर चालतात. भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्याला ती थेट जोडल्यास जळतात. त्यासाठी विभवांतर उतरविणारे वेगळे रोहित्र लागते. दुरुस्तीपूर्वी यंत्राचा खटका बंद करणे पुरेसे नसते, कारण काही भागांत तरीही वीज असू शकते. जोडतारच काढून ठेवावी लागते.

शैक्षणिक उपयोग

इलेक्ट्रॉनिक यंत्रातील क्रिया डोळ्यांना दिसत नाहीत. विद्युत-यांत्रिक पिनबॉलमध्ये मात्र कळ मिटणे, चुंबकाने दांडा ओढणे व चक्र फिरणे ही कार्यकारणाची साखळी प्रत्येक पायरीवर दिसते व ऐकू येते. विद्युतधारेचा चुंबकीय परिणाम, रोहित्र, उतरते पृष्ठ, तरफ, लंबक, स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर आणि दशमान बेरीज हे विषय एकाच यंत्रावर समजावून देता येतात. प्रत्यक्ष यंत्र उपलब्ध नसले, तरी खिळ्याभोवती तार गुंडाळून केलेला विद्युतचुंबक, कोरडा घट व पत्र्याच्या दोन पट्ट्या यांतून साधी रिले वर्गात तयार करता येते. घटावर चालणाऱ्या अशा प्रयोगात घरगुती वीज वापरू नये.

हेही पाहा

बॅगाटेल
विद्युतचुंबक
नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
सडक अर्जुनी